खाणाऱ्याचं तोंड

उन्हाळ्यात पापड, कुरड्या, सांडगे झाले, वर्षाचं तिखट कांडून झालं की आई म्हणायची, “आता पोरांच्या बिस्किटाचं बघा.” ही गोष्ट १९७० च्या आसपासची. वारणाकाठच्या आमच्या गावात तेव्हा बेकरी नव्हती. तालुक्याच्या गावाला होती. आपलं सामान आपण न्यायचं, बेकरीवाला किलोमागं मजुरी घेऊन बिस्किटं भाजून द्यायचा. मैदा, साखर, डालडा आणि धुऊन उन्हात वाळवलेला तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा सायकलीच्या कॅरियरला बांधून मी आणि थोरला भाऊ निघायचो. निघताना आईची एकच ताकीद असायची. “भट्टीम्होरनं हलू नगंसा. डोळा लागला तर आपला डालडा दुसऱ्याच्या परातीत जायचा.”

बेकरीपुढं डब्यांची रांग लागलेली असायची. डब्यांवर खडूनं नावं लिहिलेली. आमचा नंबर लागेपर्यंत रात्रीचे दहा-अकरा वाजायचे. भट्टीवाले चाचा मोठ्या लाकडी टेबलावर आमचा मैदा ओतायचे, त्यात साखर आणि डालडा मळायचे आणि वर स्वतःजवळच्या बरणीतली कसलीशी पांढरी पूड चिमूटभर टाकायचे. पत्रे भट्टीत सरकले की त्या पुडीचा नाकात झणझणणारा वास यायचा. मग तो विरून जायचा आणि मागून बिस्किटाचा गोड, खरपूस वास दाटायचा. आम्ही डोळे ताणून बघत बसायचो. पहाटे डबा घेऊन घरी आलो की आई एक बिस्कीट मोडून आधी देवापुढं ठेवायची आणि म्हणायची, “घरचं त्ये घरचं.”

पुढं प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून छत्तीस वर्षं काढली. त्या काळात हे ‘घरचं ते घरचं’ मी किती वेळा म्हणालो असेन, त्याला गणती नाही. पोरांच्या दप्तरात बिस्किटाचा पुडा दिसला की माझं भाषण सुरू व्हायचं. आया शाळेत आल्या की त्यांनाही सुनवायचो. शेंगदाणे द्या, गूळ द्या, लाडू द्या, पुडा कशाला देता? कुणी उलट बोलायचं नाही. गुरुजी बोलतात म्हटल्यावर पदर नीट करून खाली मान घालून ऐकायच्या. मला वाटायचं, पटलंय.

आता या वयात ती बिस्किटं आठवून बघतो, तर त्यात घरचं काय होतं? मैदा दुकानातला. साखर कारखान्याची. आणि डालडा. १९३७ सालापासून आपल्याकडं या नावानं मिळू लागलेलं हे वनस्पती तूप. गावात तर कुठल्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हणायचे. वनस्पती तेलात हायड्रोजन मिसळून ते तुपासारखं थिजवायचं, ही त्याची कृती. या कृतीत तयार होणारी चरबी हृदयाला घातक असते, हे पुढं कळलं आणि जानेवारी २०२२ पासून आपल्याकडं खाद्यतेलात व चरबीत तिचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम आला. म्हणजे माझी आई मोठ्या मायेनं आम्हाला काय चारत होती? घरच्या म्हशीचं दूध सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेला जात होतं आणि त्या पैशातून घरात डालडा येत होता. तरीही त्या बिस्किटांना ती ‘घरची’ म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. मग घरचं म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न मला मास्तर असताना कधी पडला नाही. तो पडला दोन वर्षांपूर्वी, आणि पाडला एका ऊसतोड बाईनं.

नाताळच्या सुट्टीत मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू पुण्याहून आले होते. मी एसटी स्टँडवरून नातवासाठी क्रीमच्या बिस्किटाचे दोन पुडे आणले. आयुष्यभर दुसऱ्याच्या पोरांवर भाषणं केली आणि नातू म्हटल्यावर माझाच हात पुड्याकडं गेला. सुनेनं तो पुडा उलटा केला, चष्मा लावला आणि मला जवळ बसवलं. “बाबा, यातलं आईंच्या स्वयंपाकघरात काय काय सापडतं, तेवढं सांगा.”

मैदा, साखर इथपर्यंत ठीक होतं. पाम तेल आपण आणत नाही, पण तेल तरी आहे. पुढं इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद, आणि मग आकडे. आकडा ५०० म्हणजे खायचा सोडा, असं तिनं सांगितलं. ५०३ म्हणजे अमोनियाचा क्षार, तापला की त्याचा वायू होऊन उडून जातो आणि बिस्कीट खुसखुशीत होतं. मी हसायलाच लागलो. चाचांच्या बरणीतली पूड ती! पन्नास वर्षांनी तिचं नाव कळलं.

सून म्हणाली, यंत्रानं केलं म्हणून वाईट असं नाही. पीठ गिरणीत दळलेलं असतं, मीठ मिठागरातून येतं, त्याला कुणी नावं ठेवत नाही. ब्राझीलमधल्या कार्लोस मोंतेरो नावाच्या प्राध्यापकांनी खाण्याची चार गटांत विभागणी मांडली. पहिल्यात धान्य, भाजी, दूध. दुसऱ्यात तेल, तूप, साखर, मीठ. तिसऱ्यात लोणच्या-पावासारख्या साध्या टिकवलेल्या वस्तू. आणि चौथ्यात अति-प्रक्रिया केलेले पदार्थ, म्हणजे जे बनवायला लागणाऱ्या वस्तू कुठल्याही घराच्या फळीवर नसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या आहारविषयक सूचनांत असले पदार्थ कमी खा म्हणून सांगितलंय. मग ती म्हणाली, “बाबा, अर्ध्या तासात घरी होतात बिस्किटं. ओव्हन लागत नाही.”

मी बायकोकडं पाहिलं. ती शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, “माझ्याकडं बघू नका. ‘घरचं ते घरचं’ आयुष्यभर म्हणत बसलाय, आता करून बघा एकदा.”

मग मी केली. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी चिरून बारीक केलेला गूळ, अर्ध्या वाटीला थोडं वर तूप, चिमूटभर मीठ, वेलदोडा, पाव चमचा खायचा सोडा. आधी तूप आणि गूळ फेसून घ्यायचा. मग चाळलेली कणीक घालायची आणि लागलंच तर दोन चमचे दूध. इथं सुनेनं माझा हात धरला. “बाबा, चपातीची कणीक नाही ही. मळू नका, नुसता गोळा करा.” कणीक जितकी मळावी तितकी तिला ओढ येते, आणि ओढ आली की बिस्कीट दगड होतं. तोवर जाड कढईत मिठाचा थर घालून, त्यात तिवई ठेवून, वर झाकण टाकून मंद आचेवर ती तापत ठेवली होती. जाडसर पोळी लाटून वाटीच्या काठानं चकत्या पाडल्या, काट्यानं टोचे मारले, तूप लावलेल्या ताटलीत मांडून ताटली तिवईवर ठेवली. पंधरा-अठरा मिनिटांत कडा लाल झाल्या. काढली तेव्हा बोट दाबलं तर रुतत होतं. मला वाटलं, कच्ची राहिली. पण गार होताना तूप-गूळ आळतात आणि बिस्कीट आपोआप कडक होतं. नातवानं चहात, म्हणजे त्याच्या दुधात, बुडवून तीन खाल्ली. मला केवढा अभिमान वाटला!

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला ऊसतोड दाखवायला घेऊन गेलो. आमच्या वावरात बीडकडची टोळी आली होती. दिवाळी झाली की कारखान्यांच्या ट्रॅक्टरमागं ही माणसं येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि गावाबाहेर कोप्या घालून चार-पाच महिने राहतात. वावराच्या बांधावर तीनेक वर्षांचं एक पोर बसलं होतं. अंगात मोठ्या माणसाचा स्वेटर. हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. शेजारी सहा-सात वर्षांची त्याची बहीण. आई वाढ्यांची मोळी बांधत होती.

माझ्यातला मास्तर जागा झाला. “अगं बाई, सकाळी सकाळी लेकराला हे कशाला देतेस? त्यात काय काय असतं, माहीत आहे का? भाकरी-गूळ दे की.”

ती थांबली. मोळीवरचा गुडघा न काढताच बोलली. आवाजात राग नव्हता.

“गुर्जी, आमी तीन वाजता फडात येतो. ही लेकरं तवा कोपीत निजलेली असत्यात. उजाडलं की ही पोरगी त्याला घिऊन येती. भाकर करायला मी तिथं नसते. चूल पेटव म्हनू का हिला? पुडा हिला फोडता येतो. मुंग्या लागत न्हाईत, नासत न्हाई. म्हनून देते.”

मी काहीतरी पुटपुटलो. ते पोर माझ्या हाताकडं बघत होतं. माझ्या हातात डबा होता. नातवाला मध्येच भूक लागली तर असावीत म्हणून घरची बिस्किटं घातलेला डबा. मी त्या पोराच्या आईला काय चारावं हे शिकवलं होतं, पण डब्याचं झाकण उघडायचं मला सुचलं नव्हतं. नातू म्हणाला, “आबा, त्याला दे ना.” तेव्हा उघडलं. पोरानं दोन बिस्किटं घेतली, एक बहिणीला दिलं.

त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांपुढं आमचं गुऱ्हाळ येत राहिलं.

वडिलांचं गुऱ्हाळ होतं. चुलवाण धडधडतंय, काहिलीत रस उकळतोय, गुळव्या भेंडीचं चिकट पाणी घालून वर येणारी मळी झाऱ्यानं काढतोय, हे बघतच मी वाढलो. रस आटत आला की गुळव्या कागदी पुडीतली पांढरी पावडर टाकायचा. तिला ‘हायड्रॉस’ म्हणायचे. तिनं गुळाचा काळपटपणा जाऊन तो पिवळाधमक व्हायचा. पण हंगामात एक-दोन काहिली अशा असायच्या की वडील गुळव्याला सांगायचे, “ह्यात पुडी टाकू नगं. ही घरची.” तो गूळ तांबूस-काळा, मऊ. त्याच्या ढेपा माळ्यावर जायच्या, पिवळ्या ढेपा बाजाराला. मी एकदा वडिलांना विचारलं, “दादा, आपण पिवळा गूळ का खात नाही? दिसायला चांगलाय की.” दादा सहज म्हणाले, “त्यो इकायचा हाय.”

एवढंच उत्तर. त्यात त्यांना काही चुकतंय असं वाटलं नव्हतं, मलाही वाटलं नाही. दादा लबाड नव्हते. कुणाच्या बांधाची वीतभर माती त्यांनी सरकवली नाही. पण व्यापारी सौद्यात रंग बघायचा. पिवळ्याला भाव जास्त, काळ्याला कमी, आणि त्या फरकावर सोसायटीचं कर्ज फिटायचं की राहायचं ते ठरायचं. दादांना व्यापाऱ्याचं तोंड दिसत होतं. गूळ पुढं कुणाच्या तोंडात जाणार, ते तोंड दिसत नव्हतं. माळ्यावरचा गूळ खाणारी तोंडं मात्र रोज पंगतीला समोर असायची.

त्या रात्री हे मला उमगलं. घरचं आणि बाजारचं यातला फरक मैद्या-डालड्याचा नाही. खाणाऱ्याचं तोंड दिसतंय की नाही, याचा आहे. आईच्या बिस्किटात डालडा होता, पण तिला त्यातलं वाईट माहीत नव्हतं, आणि जे उत्तम म्हणून माहीत होतं ते तिनं आमच्यासाठी आणलं होतं. दादांना पुडीचं माहीत होतं. म्हणून तर ते घरच्या काहिलीत ती टाकू देत नव्हते. बिस्किटाच्या कारखान्यातला माणूसही कुणाचं वाईट करायला कामावर जात नसेल. प्रत्येकाला फक्त पुढचा हात दिसतो आणि शेवटचं तोंड कुणालाच दिसत नाही. आईनं आम्हाला भट्टीपुढं राखण बसवलं होतं. आता प्रत्येक भट्टीपुढं जाऊन बसता येत नाही, म्हणून पुड्यावर घटक छापायचे, चरबीला दोन टक्क्यांची मर्यादा घालायची. कायदा म्हणजे भट्टीपुढं बसवलेलं पोरच. पण त्या पोराला दिसतं ते बारीक इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलेलं असतं, आणि जिनं ते वाचायला हवं ती पहाटे तीनला फडात असते.

आणखी एक गोष्ट होती, ती जास्त टोचत होती. झटपट बिस्किटं म्हणून मी मिरवलं. पण झटपट म्हणजे शेवटचा अर्धा तास. किलोभर तुपाला म्हशीचं बारा-पंधरा लिटर दूध लागतं. ती साय रोज काढून, विरजून, घुसळून, कढवून ठेवलेली होती म्हणून माझा अर्धा तास झाला. ते काम बायकोचं. आणि पेन्शन असताना, ऊस दुसऱ्यानं तोडून द्यायचा असताना, मला सकाळी कढईपुढं उभं राहायला सवड होती. तिनं तोडलेल्या उसाची साखर होते, ती साखर कुठल्याशा बिस्किटात जाते आणि ते बिस्कीट पाच रुपयांचा पुडा होऊन तिच्याच पोराच्या हातात येतं. माझा वेळ आणि तिची घाई एकाच उसाची कांडी आहे. त्या घाईबद्दल मी तिला दोष देत होतो.

सकाळी बायकोला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग काय, आपल्या पोराला पण पुडाच द्यायचा?”

“तसं नाही गं.”

“मग बोलून झालं असलं तर पीठ चाळा.”

तिचं बरोबर होतं. घरचं बिस्कीट चांगलंच आहे, ते करावं. ज्याला सवड आहे त्यानं तर करावंच. पण ज्याला सवड नाही त्याच्यापुढं ते मिरवू नये. आणि केलंच, तर ज्याचं तोंड आपल्याला दिसलंय त्याच्यासाठीही करावं. यापलीकडं मला नीतिशास्त्र सापडलं नाही. त्या दिवशी दुप्पट पीठ घेतलं. कढईत एका वेळी सात-आठच बसतात, तर चार-पाच खेपा झाल्या. मुलगा-सून पुण्याला गेल्यावरही टोळी गावात होती तोवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक डबा कोपीवर जायचा.

यात मी काही मोठं केलं असं मला वाटत नाही. उलट मनात येतं की हे सोपं होतं म्हणून केलं. त्या बाईला मजुरी वाढवून हवी आहे, पहाटे लेकरं सांभाळायला कुणीतरी हवं आहे, पोरीला शाळा हवी आहे. काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या, पण आमच्या गावच्या कोप्यांवर मला एकही दिसली नाही. मी मास्तर होतो, छत्तीस वर्षं माझ्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर कोप्या पडत होत्या आणि हजेरीपटाबाहेरची ती पोरं मला दिसली नव्हती. व्यापाऱ्याचं तोंड दादांना दिसायचं तसं मला साहेबांचं दिसत होतं. डब्यानं हे फिटत नाही.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. टोळी निघायच्या दिवशी ती पोरगी डबा परत द्यायला दारात आली. डबा राखेनं घासून लख्ख केलेला. उचलला तर जड लागला. आत बाजरीच्या भाकरीचा कुस्करून, गूळ घालून बांधलेला मलिदा होता, चार लाडू. “आयनं सांगितलंय, डबा रिकामा देऊ नये,” एवढं म्हणून ती पळाली. बाहेर ट्रॅक्टर चालू होता.

मी पायरीवर बसून एक लाडू फोडला. गूळ दुकानातला होता, पिवळाधमक. तो रंग मी कुठंही ओळखतो. आमच्या दादांनी ‘इकायचा हाय’ म्हणून ज्या तोंडांसाठी बाजाराला पाठवला, त्यांतलं एक तोंड आता माझं होतं. तिनं मात्र तिच्याकडं जे उत्तम होतं, ते घातलं होतं.

लाडू सगळा खाल्ला. मग उरलेले तीन घेऊन आत गेलो.